टाका सुरेख, पण खुर्चीवर टिकेल?

टेक्स्टाइल डिझाइनला आहात आणि फायनल प्रोजेक्टसाठी घरातलं काहीतरी विणायचं-भरायचं डोक्यात आहे? मग स्वॉच फ्रेम करण्याआधी त्यावर चक्क बसून बघा!

सुयांवरचं विणकाम म्हणजे एकमेकांत अडकवलेले फासे. म्हणूनच ते ताणलं जातं, गोल स्टुलावरही मोज्यासारखं चपखल बसतं. खरी गंमत त्यावर भरतकाम करताना येते. वीण ताणली जाते, भरलेला दोरा तेवढा ताणला जात नाही. मग चुण्या पडतात, कधी दोराच तुटतो. त्यामुळे मागे अस्तर लावून भरा, नाहीतर साखळीसारखा लवचीक टाका निवडा.

आजीच्या गोधडीतला धावदोरा आठवतोय? तो नक्षीही काढतो आणि थरही धरून ठेवतो. बाउहाउसच्या ॲनी अल्बर्सनं १९३०च्या डिप्लोमासाठी सभागृहाच्या भिंतीचं कापड केलं, तेही असंच कामाचं. त्यातला सेलोफेन उजेड परतवायचा आणि सुती धागा आवाज शोषायचा. (ते मागावरचं होतं, पण ज्यूरीत सांगायला भारी उदाहरण आहे!)

तुमच्या होस्टेलच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो ना? जाड विणीचा एक पडदा तिथेच टांगून बघा.