इंजिन ऑईलचा खातेउतारा

कर्ज घेऊन ट्रक खरेदी करणाऱ्या ग्राहकाची खरी पुंजी म्हणजे त्या ट्रकचे इंजिन. इंजिन अकाली बांधायला काढावे लागले की ट्रक कित्येक दिवस गॅरेजमध्ये उभा राहतो आणि भाडे बुडते. हप्ता मात्र ठरल्या तारखेस भरावाच लागतो. या संकटाची पूर्वसूचना देणारे एक साधन म्हणजे इंजिन ऑईलची प्रयोगशाळेतील तपासणी. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांसाठी तिचा अवलंब केला. आज आपल्या देशातही ही सोय उपलब्ध आहे. अडचण येते ती हाती आलेला अहवाल वाचताना.

आकडे काय सांगतात?

अहवालात धातूंचे प्रमाण ‘पीपीएम’मध्ये दिलेले असते. एक पीपीएम म्हणजे एक किलो ऑईलमध्ये एक मिलिग्रॅम. लोखंड मुख्यतः लायनर, क्रँकशाफ्ट व गिअर यांच्या झिजेतून येते. क्रोमियम पिस्टन रिंगमधून, ॲल्युमिनियम पिस्टनमधून, तर शिसे व तांबे बेअरिंगमधून. जस्त, कॅल्शियम व फॉस्फरस यांचे मोठे आकडे पाहून मात्र घाबरू नये. हे घटक उत्पादकानेच ऑईलमध्ये मिसळलेले असतात. म्हणूनच न वापरलेल्या ऑईलचा एक नमुना तुलनेसाठी तपासून घ्यावा.

सिलिकॉन बहुधा धुळीचा निदर्शक असतो. सोडियम व पोटॅशियम वाढल्यास कूलंटची गळती संभवते. तापलेल्या इंजिनात पाणी उडून जाते, परंतु हे घटक मागे राहतात. त्यामुळे ‘पाणी नाही’ एवढ्या शेऱ्यावर निश्चिंत होऊ नये.

ऑईलचा दाटपणाही पाहावा. १५डब्ल्यू-४० या प्रचलित ऑईलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असावा लागतो. तो घटला तर ऑईलमध्ये डिझेल मिसळत असावे. वाढला तर काजळी साचली असावी किंवा ऑईल जास्त तापले असावे. आम्लाला तोंड देण्याची ऑईलची शिल्लक शक्ती ‘टीबीएन’ या आकड्यातून कळते.

एक आकडा नव्हे, कल पाहावा

बँकेत एखाद्या खात्याचा विचार करताना आम्ही केवळ एका दिवसाची शिल्लक पाहत नाही, तर अनेक महिन्यांचा उतारा पाहतो. येथेही तोच न्याय लागू पडतो. समजा, प्रत्येकी २०,००० किलोमीटरनंतर घेतलेल्या तीन नमुन्यांत लोखंड २२, २५ व ४८ आले. सिलिकॉन ६, ७ व २१. ॲल्युमिनियम ३, ४ व ९. शिसे, तांबे व सोडियम स्थिर आहेत. केवळ ४८ हा आकडा पाहून इंजिन खोलण्याचे कारण नाही. तिन्ही घटक एकदम वाढले आहेत, म्हणजे धूळ आत शिरत असावी. अशा वेळी आधी एअर फिल्टर, त्यापुढील रबरी होज व क्लिप तपासावी. दोष तेथेच सापडला तर दुरुस्ती अल्प खर्चात होते. दुर्लक्ष झाले तर हीच धूळ लायनर व रिंग खाऊन टाकते. याउलट सिलिकॉन स्थिर राहून शिसे व तांबे वाढत असते, तर बेअरिंगकडे तातडीने लक्ष देणे भाग होते. इंजिन नवे असताना मात्र ऑईल कूलरमधूनही काही काळ तांबे येत राहते.

तुलना समान पायावर हवी. १०,००० किलोमीटरमध्ये आलेले ६० पीपीएम लोखंड आणि ४०,००० किलोमीटरमध्ये आलेले ६० पीपीएम लोखंड यांचा अर्थ एक नव्हे. मध्यंतरी किती लिटर ऑईल वरून टाकले, हेही नोंदवावे. कारण नव्या ऑईलमुळे धातूंचे आकडे कमी दिसतात.

नमुना घेताना

इंजिन गरम असताना, कोरड्या व स्वच्छ बाटलीत नमुना घ्यावा. ऑईल काढताना पहिली धार सोडून द्यावी व मधल्या धारेतून बाटली भरावी. ऑईलचे व इंजिनचे एकूण किलोमीटर बाटलीवर लिहावेत.

या तपासणीलाही मर्यादा आहे. धातूंचे नेहमीचे परीक्षण अतिसूक्ष्म कणच मोजते. मोठे कण त्यातून निसटतात. म्हणून काढलेला ऑईल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत चमकणारे कण आहेत का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. अंतिम निर्णय इंजिन उत्पादकाने दिलेल्या मर्यादा पाहूनच घ्यावा.

विमा व फिटनेसच्या कागदांसोबत या अहवालांचीही प्रत्येक ट्रकनिहाय एक फाईल ठेवावी. शंकास्पद अहवाल आल्यास निम्म्या अंतरावर पुन्हा नमुना पाठवावा. वेळेवर वाचलेला अहवाल ग्राहकाचा व्यवसाय चालता ठेवतो, आणि ग्राहकाचा व्यवसाय चालता राहावा यातच बँकेचेही हित आहे.