चाळिशी आणि डोळ्यांत घालावयाचे थेंब : वृद्धदृष्टितेवरील औषधाचा एक विचार

प्रास्ताविक :

मराठीत ‘चाळिशी’ या एकाच शब्दाने वय, दृष्टिदोष आणि त्यावरचा चष्मा या तिन्हींचा बोध होतो. वयाच्या चाळिशीनंतर वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, सुईत दोरा ओवण्यासाठी मुलांना हाक मारावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये वाचनाचा चष्मा दूर करणारे थेंब भारतात येत असल्याच्या बातम्या झळकल्या, तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या शिक्षक कक्षातही एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि “आता याचे काय करायचे, सर?” असे विचारले. प्रश्न विनोदाचा असला तरी त्याचे उत्तर विनोदाने देता येत नाही. प्रस्तुत लेखात या औषधाचे कार्य व मर्यादा यांचा विचार केला आहे.

दोष कोठे आहे आणि औषध कोठे कार्य करते :

जवळची वस्तू पाहताना डोळ्यातील स्नायू आकुंचन पावतात आणि नेत्रभिंग अधिक फुगीर होते. यास समायोजन म्हणतात. वयोमानानुसार भिंगाची लवचिकता कमी होते, ते ताठर बनते आणि समायोजन क्षीण होते. हीच वृद्धदृष्टिता होय. हा रोग नसून केस पिकण्यासारखा वयाचा परिणाम आहे.

येथे एक साधा प्रयोग वाचकांनी करून पाहावा. चष्मा काढून मूठ वळावी, तिच्यात अगदी बारीक छिद्र ठेवावे आणि त्यातून, भरपूर प्रकाशात, पुस्तकातील अक्षरे पाहावीत. अस्पष्ट अक्षरे बऱ्याच अंशी स्पष्ट होतात. लहान छिद्रामुळे कडेचे किरण अडतात आणि दृष्टिपटलावरील प्रतिमेचा पसरटपणा घटतो. पायलोकार्पिनचे थेंब मुख्यतः हेच घडवून आणतात. ते डोळ्याची बाहुली लहान करतात. ताठर झालेले भिंग मात्र जसेच्या तसे राहते. परिणाम ओसरला की अक्षरे पुन्हा पुसट होतात. म्हणून या थेंबांना ‘उपचार’ म्हणण्यापेक्षा ‘तात्पुरती सोय’ म्हणणे अधिक योग्य, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

हे द्रव्य नवे नाही. ब्राझीलमधील जॅबोरँडी या वनस्पतीच्या पानांतून ते १८७५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि काचबिंदूवर शतकाहून अधिक काळ वापरले गेले. नवे आहे ते त्याचे प्रयोजन. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १.२५ टक्के पायलोकार्पिनच्या ‘व्ह्यूइटी’ या थेंबांना ऑक्टोबर २०२१ मध्ये वृद्धदृष्टितेसाठी मान्यता दिली. या थेंबांचा परिणाम सुमारे पंधरा मिनिटांत सुरू होतो आणि सहा तासांपर्यंत टिकू शकतो. पुढे जुलै २०२५ मध्ये अॅसेक्लिडीन या दुसऱ्या द्रव्याचे थेंबही तेथे मान्य झाले.

परिणामाचे प्रमाण पाहणे उद्बोधक आहे. मान्यतेपूर्वीच्या दोन चाचण्यांत ४० ते ५५ वयोगटातील व्यक्ती होत्या. त्यांपैकी एका चाचणीत, तिसाव्या दिवशी थेंब घातल्यानंतर तीन तासांनी, दूरची दृष्टी फारशी न गमावता जवळच्या तक्त्यावरील तीन किंवा अधिक ओळी जास्त वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण ३१ टक्के आढळले. औषधविरहित थेंब घेणाऱ्यांत ते ८ टक्के होते. फरक खरा आहे. तथापि दोन तृतीयांशांहून अधिक व्यक्तींना तेवढा लाभ झाला नाही, हेही तितकेच खरे.

परवानगी आणि प्रचार :

भारतातील प्रकरण या दृष्टीने बोलके आहे. मुंबईस्थित एन्टॉड फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या ‘प्रेसव्ह्यू’ या १.२५ टक्के पायलोकार्पिनच्या थेंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये परवानगी मिळाली होती. ती केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावयाच्या औषधाची होती. प्रचारात मात्र चष्म्याची गरज कमी करण्याचे दावे आले आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय औषध नियंत्रकांनी, अशा दाव्यांना मान्यता नसल्याचे नमूद करून, ती परवानगी पुढील आदेशापर्यंत निलंबित केली. चिठ्ठीची अट ही येथे कागदोपत्री औपचारिकता नाही. डोकेदुखी आणि डोळे लाल होणे हे नेहमीचे त्रास. बाहुली लहान झाल्याने अंधारात कमी दिसते, त्यामुळे रात्री वाहन चालविताना सावधगिरी हवी. क्वचित दृष्टिपटल फाटण्याचा वा सुटण्याचा धोका संभवतो. म्हणून, विशेषतः मोठा उणे नंबर असणाऱ्यांनी, आधी दृष्टिपटलाची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. डोळ्यात दाह असणाऱ्यांनी तर हे थेंब टाळावेत.

जुन्या चष्म्याचे मोल :

या चर्चेत साधा चष्मा उगाच मागे पडतो. आसाममधील चहामळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ कामगारांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता इतरांच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. अभ्यासाच्या आरंभी त्यांच्यापैकी एकाकडेही स्वतःचा चष्मा नव्हता.