पिलू सगळं कुरतडतं तेव्हा



मागच्या महिन्यात आमच्यातल्या एका बचत गटाची बैठक भलत्याच कारणानं लांबली. गटाची वसुलीची वही ज्या ताईंच्या घरी असते, त्यांच्या चार महिन्यांच्या कुत्र्याच्या पिलानं वहीचा कोपराच कुरतडून टाकला होता. दोन पानांवरचे आकडे गेलेच. सगळ्यांची पासबुकं मागवून, एकेकीला विचारून हिशोब परत लिहिला, तो जुळलाही. पण घरी सासूबाई म्हणाल्या, "आधी माझं पायताण, मग ठिबकची नळी, आता ही वही. बाजाराच्या दिवशी त्याला तिकडंच सोडून या." ताई आमच्याकडं आल्या आणि म्हणाल्या, "सोडवत तर नाही. पण ठेवू तरी कसं?" म्हणून आजचं बोलणं त्या पिलाबद्दल.

आपल्या लेकरांना दात येताना काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. हिरड्या सळसळतात, लाळ गळते, हाताला येईल ते तोंडात जातं. पिलाचंही तसंच असतं. जन्मतः त्याला दात नसतात. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात फुटू लागतात, ते एकूण अठ्ठावीस. साधारण साडेतीन-चार महिन्यांचं झालं की हे दात पडायला लागतात आणि खालून पक्के दात वर येतात. आधी पुढचे बारीक, मग सुळे, मग दाढा. सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस दात पुरे होतात. मधले हे तीन महिने हिरड्या ठणकतात, आणि काही चावलं की तेवढाच आराम पडतो. कुरतडलेल्या चपलेवर रक्ताचा बारीक डाग दिसला, अंगणात तांदळाएवढा दात सापडला तर घाबरू नका. बहुतेक दात पिलू गिळूनच टाकतं, त्यानं काही होत नाही.

आता चप्पलच का? चप्पल जमिनीवर असते, चावायला चिवट असते आणि तिला आपल्या पायाचा वास असतो. ज्या माणसाचा लळा, त्याची चप्पल आधी जाते. ठिबकची नळी मऊ असते, वर आत पाणी. पिलाच्या मनात ना राग असतो ना खोडसाळपणा.

त्यामुळं मारून उपयोग होत नाही. दुपारी कुरतडलेल्या वहीसाठी संध्याकाळी काठी बसली, तर पिलाला ती कशासाठी बसली हे कळतच नाही. ते एवढंच शिकतं की हा हात आला की पळायचं, आणि चावायचं ते बाजेखाली लपून. दिवसभर आखूड साखळीला बांधलेलं पिलू तर जास्तच कुरतडतं, कारण त्याला दुसरं काही करायलाच नसतं.

मग करायचं काय? पहिलं काम आपलं आहे. चपला फळीवर, वही पत्र्याच्या पेटीत, मोबाइलच्या चार्जरची वायर उंचावर. खताची पिशवी, औषध लावलेलं बियाणं, फवारणीच्या बाटल्या आणि उंदराचं औषध कुलपात ठेवा. वहीचं नुकसान भरून काढता येतं, उंदराच्या औषधानं पिलू काही तासांतही जाऊ शकतं. असं काही खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी पाकीट बरोबर घेऊन लगेच जनावरांचा दवाखाना गाठा.

दुसरं, त्याला त्याचं असं काहीतरी चावायला द्या. जुन्या सुती लुगड्याची पट्टी घ्या, घट्ट पीळ घालून दोन-तीन गाठी मारा, ओली करा आणि माठाच्या बुडाशी गारव्याला ठेवा. गार, ओलं कापड हिरड्यांना फार बरं वाटतं. ज्यांच्याकडं फ्रीज आहे त्यांनी तिथं ठेवा. जाड गाजरही चालतं, पण आपण समोर असताना. कापडाचे धागे सुटायला लागले की ते काढून घ्या. शिजवलेलं हाड देऊ नका, त्याच्या कपच्या निघतात आणि आतडं फाडतात. दाणे काढलेलं मक्याचं कणीस आणि आंब्याची कोयही नको. ती गिळली तर आतड्यात अडकते. आणि जुनी चप्पल 'खेळायला' देऊ नका, बरं का. जुनी कोणती आणि नवी कोणती हे त्याला कसं कळावं?

चप्पल तोंडात दिसली तर मागं धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. गाठीचं कापड पुढं करा, चप्पल सुटली की कापड द्या आणि पाठीवर हात फिरवा. खेळताना हाताला दात लागले तर "आई गं" म्हणून हात काढून घ्या आणि थोडा वेळ त्याच्याकडं पाठ फिरवा. आईजवळ भावंडांत असताना पिलं हेच शिकतात, जोरात चावलं की खेळ थांबतो. म्हणूनच दोन महिन्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये. आपल्याकडं महिन्याचं पिलू पिशवीत घालून आणतात, आणि मग ते चावतं म्हणून तक्रार करतो!

हिरडीला मिश्री लावायचा उपाय कुणीतरी हमखास सांगतं. लावू नका, तंबाखू कुत्र्याला विषारी असते. आपल्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका. वस्तूंना मिरचीची पूड चोळली तर ती त्याच्या डोळ्यांत जाते, आणि रांगणाऱ्या बाळाच्याही.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दात येणाऱ्या पिलाचे दात सुईसारखे असतात आणि लेकरं त्याच्याशीच खेळतात. ओरखडा निघाला की आपण म्हणतो, "एवढंसं तर पिलू, त्याला काय होतंय!" पण रेबीज पिलालाही होतो, आणि त्याची लक्षणं माणसात दिसू लागली की जीव वाचत नाही म्हणूनच समजा. म्हणून दात लागून कातडी फाटली, नुसतं खरचटलं तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. इंजेक्शनं सुरू केली तर सांगितलेल्या प्रत्येक तारखेला घ्या, मजुरी बुडते म्हणून शेवटचं चुकवू नका. पिलाला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचून घ्या. पुढची कधी ते डॉक्टर सांगतील, आणि नंतर ती वेळेवर देत राहायची.

पिसाळलेलं कुत्रंही लाकूड, दगड, माती चावत सुटतं. मग ओळखायचं कसं? दात येणारं पिलू खातं-पितं, खेळतं, दमलं की झोपतं. ज्यानं अन्नपाणी सोडलं, ज्याला गिळता येत नाही, ज्याचा जबडा लोंबतो, आवाज बदलला, झोकांड्या जातात, त्याच्यापासून लांब राहा, लेकरांना घरात घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. घशात हाड अडकलं असेल म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका.

सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याशेजारी तसाच राहिला असेल तर डॉक्टरांना दाखवा, तो काढावा लागू शकतो.

त्या ताईंचं पिलू आता साडेपाच महिन्यांचं आहे. लस टोचून झाली. सुळे अजून यायचेत, म्हणून माठाखाली लुगड्याची गाठ असतेच. ती गाठ सासूबाईच ओली करून ठेवतात, आणि त्यांचं नवं पायताण खुंटीला टांगलेलं असतं.