चाकणला न घडणारा त्रिकोण

निगडीच्या एका वाचक ताईंनी विचारलं आहे : समोरून नुसते आडवे पट्टे दिसणारं लोकरीचं ब्लँकेट बाजूने पाहिलं की त्यात चित्र कुठून येतं?

सगळी करामत उलट-सुलट टाक्यांची आहे. गडद आणि फिकी लोकर दोन-दोन सुया आलटून-पालटून विणायची. पट्ट्याची पहिली सुई सगळी सुलट. चित्र ठरतं परतीच्या सुईला : तिथे उलट टाका घातला तर पुढून वीण सपाट, सुलट घातला तर उंचवटा. समोरून दोन्ही रंग सारखेच दिसतात. तिरक्या नजरेला मात्र उंचवटे मागची सपाट वीण झाकून टाकतात. बांधावर उभं राहून शेत पाहिलं की सऱ्या लपतात, वरंबेच दिसतात, तसंच हे! काही मिलिमीटरच्या उंचीवर अख्खा चेहरा उमटतो.

इंग्लंडमधले गणिताचे शिक्षक पॅट अ‍ॅशफोर्थ आणि स्टीव्ह प्लमर यांनी हे तंत्र फार पुढे नेलं. अशक्य आकारही त्यांनी विणले. त्यातला त्रिकोण भोसरी-चाकणच्या कुठल्याही फिटरला अस्वस्थ करेल. तिन्ही कोपरे काटकोनी, म्हणजे बेरीज २७० अंश! आयसोमेट्रिक ड्रॉइंगमध्ये जवळची आणि लांबची कड एकाच मापाची असते, म्हणून खोलीत दूर असलेली दोन टोकं कागदावर बिनदिक्कत जोडता येतात. एकेक कोपरा बिनचूक, अख्खा जॉब मात्र कुठल्याच सीएनसीवर निघणार नाही. पर्थमध्ये १९९९ साली उभारलेलं १३.५ मीटर उंचीचं शिल्पसुद्धा ठरावीक जागेवरूनच जुळलेलं दिसतं. लोकरीला मात्र गडद, मध्यम, फिकी अशा तीन छटा पुरतात.

याला सर्रास ‘पेनरोज त्रिकोण’ म्हणतात, ते मला खटकतं. लायोनेल आणि रॉजर पेनरोज या पिता-पुत्रांनी तो स्वतंत्रपणे शोधला हे खरं, पण त्यांचा लेख १९५८ चा. ऑस्कर रॉयटर्सवार्ड या अठरा वर्षांच्या स्वीडिश मुलाने १९३४ मध्येच लॅटिनच्या तासाला नऊ घन मांडून तो काढला होता. स्वीडनने १९८२ मध्ये त्याच्या अशक्य आकृत्यांची टपाल तिकिटं काढली. नाव त्याचं लागायला हवं होतं.

ताई, विणायला घेणार असाल तर एक हिशेब. सगळ्या सुया सुलट विणल्या की एका टाक्याची रुंदी साधारण दोन सुयांच्या उंचीइतकी भरते. या त्रिकोणाच्या कडांना ६० अंशांचा उतार लागतो. त्यासाठी दोन्ही कडांना एकेक टाका साडेतीन सुयांनी कमी व्हायला हवा, म्हणून आळीपाळीने तिसऱ्या आणि चौथ्या सुईला टाके घटवा.