संगणकाची कळ

संगणक विकत घ्यावयास गेलेला गृहस्थ त्याच्या वेगाची, स्मरणशक्तीची व पडद्याच्या लांबीरुंदीची कसून चौकशी करतो. परंतु तो चालू-बंद करावयाची कळ कोठें आहे, ती हातास सहज लागते कीं नाहीं, आणि ती दाबली असतां नेमकें काय होतें, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. दिव्याचा खटका कोणी असा तपासून घेतो काय, असें आमचे वाचक म्हणतील. पण दिव्याची गोष्ट निराळी. आपल्याकडे खटका खालीं केला कीं दिवा लागतो, वर केला कीं विझतो. तिसरी अवस्था त्यास ठाऊकच नाहीं.

संगणकाचेंही एके काळीं असेंच होतें. आय्. बी. एम्. कंपनीनें १९८१ सालीं आपला पहिला 'पी. सी.' बाजारांत आणिला, त्याच्या उजव्या अंगास, मागच्या बाजूकडे, तांबड्या रंगाचा एक दणकट खटका होता. जागा जरा अडचणीची होती खरी. परंतु तो काळोखांतही चाचपून सांपडे, चुकून धक्का लागण्याचें भय नसे, आणि खट्‌कन् दाबला कीं वीज तुटे.

पुढें १९९५ सालीं इंटेल कंपनीनें 'ए. टी. एक्स्.' नांवाची रचना काढली आणि कळीचा स्वभावच पालटला. या रचनेंत पुढली कळ विजेची वाट तोडीत नाहीं, यंत्राच्या मुख्य फलकास केवळ इशारा देते. यंत्र 'बंद' दिसत असतांही पांच व्होल्टांची थोडी वीज आंत जागी असते, ती या इशाऱ्याची वाट पाहण्यासाठींच. पूर्वीची कळ हुकूम देई, आतांची अर्ज करते. यांत लाभ नाहीं असें नाहीं. चालू असलेलीं कामें नीट आवरून यंत्रानें आपण होऊन मिटावें, ही सोय त्यामुळेंच झाली. विंडोज ९५ च्या दिवसांत, आतां यंत्र बंद करण्यास हरकत नाहीं अशी पाटी पडद्यावर येईपर्यंत जे खोळंबून बसत, त्यांना या सोयीचें मोल सांगावयास नको.

मात्र अर्जाचा निकाल काय लागेल तें आधीं कळत नाहीं. कळ एकदां टिचकावली तर एक यंत्र झोपतें, दुसरें बंद होतें, तिसरें ढिम्म राहतें. शिवाय इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनीं १९९६ सालीं केलेल्या नियमावलींत अशी तरतूद आहे कीं, कळ चार सेकंदांहून अधिक दाबून धरल्यास कोणासही न विचारतां यंत्र बंद पडावें. बोट किती वेळ टेकलें एवढ्यावरून निद्रा आणि मरण दोन्ही एकाच कळीकडे सोपविलीं आहेत !

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आपल्या घराण्याचा कुलवृत्तान्त लॅपटॉपवर लिहीत होते. त्या लॅपटॉपची कळ इतर कळांच्या ओळींतच, अक्षर पुसण्याच्या कळीला खेटून बसविलेली. पुसावयास गेलेलें बोट तिच्यावर पडलें व पडदा काळा झाला. यंत्र नुसतें झोपलें होतें. हलकेंच पुन्हां दाबतांच जागें झालें असतें. पण क्षणभर कांहीं दिसेना, म्हणून त्यांनीं तीच कळ नेटानें दाबून धरली. चार सेकंद उलटले आणि सकाळपासून लिहिलेल्या तीन पिढ्या नाहींशा झाल्या. "बाबा, मधून मधून सेव्ह करीत जा म्हणून सांगितलें होतें ना ?" असें चिरंजीव म्हणाले. जी कळ ऐकत नाहीं ती अधिक जोरानें दाबणें हा मनुष्यस्वभाव आहे. तो ज्यांनीं विचारांत घेतला नाहीं त्यांस सोडून दोष म्हाताऱ्या बोटांच्या माथीं कां मारावा, हें आम्हांस समजत नाहीं. अमेरिकन पंडित डोनाल्ड नॉर्मन यांनीं १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा चुकांचें खापर वापरणारावर न फोडतां घडणीवरच फोडलें आहे.

कळीवरील चिन्हानेंही पुष्कळ घोळ घातला आहे. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणें उभी रेघ म्हणजे चालू, वर्तुळ म्हणजे बंद, आणि वरून तुटलेल्या वर्तुळांत शिरलेली रेघ म्हणजे अर्धवट जागें. २००४ सालीं आय्. ई. ई. ई. या संस्थेनें हें तिसरें चिन्ह सरसकट कळीचें ठरविलें आणि निद्रेसाठीं चंद्रकोर सुचविली. चंद्रकोर आम्हांस फार पसंत आहे; ती अक्षरओळख नसलेल्या पोरासही कळेल.

दुसरी खोड कळ लपविण्याची. ॲपल कंपनीनें २०२४ सालीं काढलेल्या मॅक मिनीची कळ तळाशीं, मागच्या कोपऱ्यांत आहे. ती दाबावयाची तर यंत्र किंचित् उचलावें लागतें. हें यंत्र क्वचितच बंद करावें लागतें, असें समर्थन ऐकूं येतें. तें खोटें नव्हे. परंतु क्वचित् लागणारी वस्तु तर अधिकच सहज सांपडावी, कारण ती विसरण्यास तितका अधिक अवधि मिळतो.

तेव्हां यंत्र घेतांना दुकानांतच डोळे मिटून बोटानें कळ शोधून पाहावी. ज्यांच्या घरीं विंडोज आहे त्यांनीं कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स हें सदर उघडावें. कळ एकदां दाबल्यावर काय व्हावें तें तेथें ठरवितां येतें, व कांहींच करूं नये असाही पर्याय आहे. लहान मूल किंवा वृद्ध मनुष्य यंत्र हाताळणार असेल तर तोच निवडावा. चार सेकंदांचा नियम त्यानें टळत नाहीं. म्हणून पडदा काळा पडल्यास कळ हलकेंच एकदां दाबून हात काढावा आणि मनांत दहापर्यंत अंक मोजावे, हें घरांतील सर्वांस आधींच सांगून ठेवावें.