मरणाचं बोलायचंच नाही?

घरात मरणाचा विषय निघाला की लगेच 'शुभ बोल रे नाऱ्या' होतं. मग वेळ येते तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात भावाभावांत वाद! व्हेंटिलेटर लावायचा की नाही? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलं वैद्यकीय इच्छापत्र यासाठीच आहे. बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत, आपल्या वतीने कोणी बोलायचं, ते त्यात लिहायचं. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही एवढ्यावर भागतं. (मालमत्तेचं मृत्युपत्र वेगळं, बरं का!) माझ्या सासूबाईंनी लेकाचं नाही, माझं नाव घातलं. "तो रडत बसेल, तू नीट सांगशील," म्हणाल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मात्र झेरॉक्स काढून एक प्रत आमच्या डॉक्टरांकडे देऊन आले.