कुंपणालगतचा गुलाबताटवा

घर बांधून झाले, कुंपणाची भिंत उभी राहिली, की तिच्या पायथ्याशी उरलेली चार-पाच फुटांची पट्टी रिकामी ठेववत नाही. रोपवाटिकेतून सहा-सात गुलाब येतात, ओळीने खड्डे खणले जातात आणि पुढच्याच पावसाळ्यात त्यांतील निम्मे मरतात. दोष गुलाबाचा नसतो. पेडणे असो वा डिचोली, आपल्याकडे वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जांभ्यात खणलेल्या खड्ड्यात पाणी तुंबते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

म्हणून खड्ड्याऐवजी ताटवाच वर उचलावा. चिऱ्यांचा फूट-दीड फूट उंचीचा कट्टा बांधून, तळाशी पाणी निघून जाण्यास वाटा ठेवून, त्यात माती आणि चांगले कुजलेले शेणखत भरावे. आपली तांबडी माती आम्लधर्मी असते. गुलाबाला किंचित आम्लताच मानवते. तेव्हा मातीची तपासणी करून मगच चुना मिसळावा. दिवसाकाठी सहा तास ऊन मिळणारी बाजू निवडावी. ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, दोन-अडीच फुटांच्या अंतराने कलमे लावावीत आणि कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवावा. सांध्याखालून खुंटाला येणारे फुटवे वेळीच काढावेत. ते जोमदार दिसतात म्हणून अनेकजण कौतुकाने वाढवतात आणि दोन वर्षांनी 'गुलाब रानटी झाला' अशी तक्रार करतात!

पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडून ती गळतात. झाड केविलवाणे दिसते. हे उणेपण बहुवर्षायू झाडांनी भरून काढावे. भिंतीलगत जास्वंद, कर्दळ आणि ओल आवडणारा सोनटक्का. पुढच्या कडेला अबोली आणि पहिल्या सरींनंतर उमलणारी गुलाबी रेन लिली. ऑक्टोबरात छाटणी केली, की साधारण दीड महिन्याने गुलाब पुन्हा फुलतो.

काय लावावे याइतकेच काय लावू नये हेही ठरवावे लागते. पाणी कमी लागते, गुरे खात नाहीत, म्हणून कण्हेर आणि बिट्टी (पिवळी कण्हेर) कुंपणालगत सर्रास लावतात. गुरे खात नाहीत, याचे कारण तिचे विष. काही वर्षांपूर्वी एका चार वर्षांच्या मुलाला उलट्या होतात म्हणून माझ्याकडे आणले. पोट बिघडले असावे, असे घरच्यांना वाटत होते. नाडी मात्र वयाच्या मानाने फारच मंद लागली. आजीने पदरात बांधून आणलेले हिरवे, चावलेले फळ दाखवले, तेव्हा उलगडा झाला. भातुकलीत ते 'आंबा' झाले होते. बिट्टीतील ग्लायकोसाइडे डिजॉक्सिनप्रमाणे हृदयाची गती मंदावतात; हृदयरोधही होऊ शकतो. त्या मुलाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवून मॉनिटरवर ठेवले. सुदैवाने तो बचावला.

असा प्रसंग आल्यास मुलाला बळेच ओकारी काढायला लावू नये, घरगुती उतारे करण्यात वेळ घालवू नये. बालक बरे दिसत असले तरी ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि त्या झाडाची फांदी वा फळ सोबत आणावे.